तीन सीडी प्लेअर आणि एक पेटी

माझ्याकडे पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक दारात उभं राहून आधी आत बघतं, मग माझ्याकडे बघतं आणि विचारतं, "सर आहेत का?" मी म्हणते, "सर नाहीत. कधीच नव्हते. या, बसा." मग काही जण बसतात. काही जणांना एकदम आठवतं की आपण गाडी चुकीच्या जागी लावली आहे. जे बसतात त्यांच्याशी माझं वर्षानुवर्षं जमतं.

मुलुंड पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझी ऐकायची खोली आहे. तिला दुकान म्हणायला जीभ धजत नाही, कारण काचेत मांडून ठेवलेलं काहीच नाही. भिंतींना जाड गोधड्या, एक सोफा, दोन उंच स्पीकर आणि मागच्या फळ्यांवर सीडी प्लेअर. ज्याला भारी सीडी प्लेअर घ्यायचा आहे तो इथे येतो, दोन-तीन यंत्रं एकापाठोपाठ एक ऐकतो आणि ठरवतो. जुनी यंत्रं मी घेते, दुरुस्त करते, विकते. माझी बहीण दर दिवाळीला विचारते, "सीडी? अजून कोण ऐकतं गं?" मी तिला करंजी देते आणि गप्प करते.

सुरुवात माझी अंधेरीच्या एका कारखान्यात झाली, सोल्डरिंगच्या टेबलावर. तिथे आम्ही सगळ्या बायकाच. बारीक स्क्रू एकदा जुळवला की तो हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचो. साहेब लोक त्याला लॉकिंग कंपाउंड म्हणायचे, पण बाटली आम्हीच घरून आणायचो. ती सवय अजून आहे. माझ्या पर्समधल्या लाल नेलपॉलिशने माझी नखं क्वचितच पाहिली असतील.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा थोडक्यात सांगते. सीडीवर गाणं नसतं, आकडे असतात. प्लेअरमधलं लेसरचं भिंग ते आकडे वाचतं, एक चिप त्यांचा आवाज करते आणि तो पुढे अॅम्प्लिफायरकडे जातो. साधा प्लेअर हेच करतो, भारी प्लेअरही हेच करतो. मग फरक काय? फरक असतो. विजेचा पुरवठा स्वच्छ असेल, चिप चांगली असेल, डबा थरथरत नसेल, तर गाण्यातली झांज झांजेसारखी वाजते आणि गायकाच्या मागची शांतता खरंच शांत असते. पण हा फरक आमटीतल्या हिंगाएवढा. जाहिरातवाले मात्र आमटीच बदलली म्हणून सांगतात.

आणि तुलना करताना माणूस हमखास फसतो ती जागा म्हणजे आवाजाची पातळी. दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठ्याने वाजतं तेच माणसाला चांगलं वाटतं. किती का शिकलेला कान असेना. म्हणून मी आधी मीटर लावून सगळ्यांची पातळी सारखी करते आणि मग यंत्रांपुढे पडदा ओढते. पडदा म्हणजे माझ्या आईचं जुनं नऊवारी. कुठलं यंत्र वाजतंय ते फक्त मला ठाऊक. गिऱ्हाईक एक, दोन, तीन एवढेच आकडे बोलतं.

या पडद्याने माझे मित्रही केले आणि शत्रूही. बोरिवलीचे पेडणेकरकाका दोन्हीत मोडतात. विमान कंपनीतून निवृत्त झालेले, सांताक्रूझच्या विमानतळावर आयुष्य गेलेलं, आणि नाद फक्त हाय-फायचा. माणूस यंत्र ऐकण्याआधी उचलून बघतो; जड तेवढं चांगलं, हा त्यांचा हिशोब. एकदा ते स्वतःचा प्लेअर घेऊन आले. चांगलं यंत्र होतं. पण त्याच्या पुढच्या बाजूला एक छोटं सरकतं बटण होतं. ते वर सरकवलं की गाणं जलद, खाली सरकवलं की गाणं संथ. नाचाच्या क्लासमध्ये बाईंना लागतं तसलं.

"हो डबो माका नको गो," काका म्हणाले. "कोणी घराक इलो की इचारता, काका, लग्नात डीजे लावतास काय?"

"काका, आवाज चांगला आहे त्याचा. बटण मधोमध ठेवा आणि विसरून जा."

"आणि ह्येचा वजन बघ. काय वजन असा ह्येका? दुसरा दाखय."

मी त्यांना त्यांचा डबा आणि माझी यंत्रं पडद्याआडून दोनदा ऐकवली. दोन्ही वेळा त्यांनी निवडला तो त्यांचाच डबा. पडदा बाजूला केला तर काका असे चिडले की विचारू नका. त्याच तिरमिरीत तो डबा माझ्याकडे टाकून माझ्याकडचं सगळ्यात जड यंत्र घेऊन गेले. रिक्षावाल्याने विचारलं, आत काय आहे, तर म्हणाले, "समाधान." मी तो सरकत्या बटणाचा डबा पुसून सगळ्यात खालच्या फळीवर ठेवला. त्याला गिऱ्हाईक मिळेना. हाय-फायवाल्यांना बटणं जितकी कमी तितकं यंत्र खानदानी वाटतं.

हे सगळं सांगितलं ते संघमित्रा गायकवाडच्या गोष्टीसाठी. ती आली तेव्हा तिने "सर आहेत का" विचारलं नाही, हे मी तिच्या खाती जमा करून ठेवलंय. बँकेत अधिकारी, घाटकोपरला राहणारी, माझ्याच वयाच्या आसपासची. आल्या आल्या पर्समधून एक सीडी काढली. वर मार्करने नुसतं लिहिलेलं, 'अण्णा'.

"हे माझे वडील," ती म्हणाली. "गायन पार्टी होती त्यांची. चाळीचाळीतून गायचे, रात्र रात्र. यावर त्यांची गाणी आहेत. मला असा प्लेअर द्या की ज्यावर ते त्यांच्यासारखे ऐकू येतील."

"आत्ता कसे ऐकू येतात?"

"मला बरे वाटतात. पण अण्णा म्हणतात, ह्यो मी न्हाय."

मग तिने सांगितलं ते असं. अण्णांच्या गायन पार्टीचं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं, कुणाच्या तरी घरी केलेली एक कॅसेट. नातेवाइकांपैकी एकाने ती कुठल्याशा दुकानात देऊन सीडी करून आणली आणि त्यानंतर कॅसेटची टेप गुंतून तुटून गेली. दरम्यान अण्णांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, गळा गेला. आता बोलतात ते कुजबुजल्यासारखं. संघमित्राला वाटलं, गाता येत नाही तर निदान ऐकू देत. तिने सीडी लावली. अण्णा दोन मिनिटं ऐकून उठून गॅलरीत गेले.

तिला वाटलं, प्लेअर साधा आहे. तिने चांगला घेतला. मग दुकानदार म्हणाला स्पीकर बदला, तिने बदलले. दुसरा म्हणाला, मॅडम, असल्या सीडीवर मशीन कळत नाही, आमची डेमो सीडी ऐका. ती उठून आली.

"आणि आता ते काय म्हणायला लागलेत माहितेय?" ती म्हणाली. "म्हणतात, मी असाच गात असेन गं. लोकं टाळ्या द्यायची म्हणून मला वाटायचं, बरं गातो. तुम्हीच सांगा, ज्या माणसाने सगळी उमर गाण्यात घातली त्याने शेवटी असं म्हणायचं?"

मला फार वाईट वाटलं. माझे वडील गिरणीत होते, शनिवारी भजनाला बसायचे. त्यांचा आवाज कुणी टेप केला नाही. इथे टेप होता, तर माणूस तो स्वतःचा मानायला तयार नव्हता. मी म्हटलं, "अण्णांनाच घेऊन या. निवड त्यांनी करायची."

रविवारी सकाळी अण्णा आले. पांढराशुभ्र सदरा, गळ्याला निळा मफलर, काठी. मी पडद्यामागे तीन यंत्रं मांडली. एक पेडणेकरकाकांच्या यंत्राचं भावंड, तसंच जड. दुसरं जुन्या रेडिओसारखं काचेच्या व्हॉल्व्हवालं, ज्याने आवाजाला जरा ऊब येते. तिसरं साधं, सरळ, ज्यावर मी स्वतः ऐकते. तिन्हींची पातळी सारखी केली आणि सीडी लावली.

रेकॉर्डिंग घरगुतीच होतं. मागे कुणीतरी खोकत होतं. पेटी, ढोलकी, टाळ आणि त्यावर चढलेला आवाज. गाणं अण्णांनीच रचलेलं, संघमित्रा शाळेत जायला लागली तेव्हाचं. 'पाटी घे गं पोरी, अक्षर गिरव.' ऐकताना संघमित्राचे ओठ हलत होते.

एक नंबर वाजवला. अण्णांनी नाही अशी मान हलवली. दोन नंबर. मान हलवली. तीन. पुन्हा तेच.

"एक नंबर जरा बरा होता ना, अण्णा?" संघमित्रा काकुळतीला येऊन म्हणाली.

"तिन्ही सारखंच," अण्णा कुजबुजले. "तिन्हींत तोच पोरगा गातोय. मी न्हाय."

आता मी माझ्या अनुभवाची पोतडी उघडली. म्हटलं, "अण्णा, आपला आवाज आपल्याला कधीच ओळखू येत नाही. आपण तो हाडांतून ऐकतो, बाकीचे हवेतून. माझा आवाज फोनवर ऐकला की मलाच वाटतं, ही कोण भांडकुदळ बाई?"

अण्णा हसले. मग त्यांनी काठी दोन्ही पायांमध्ये उभी धरली आणि सावकाश, एकेक शब्द तोडत म्हणाले, "माझा आवाज ऱ्हाऊ द्या, ताई. पण ही पेटी बी माझी न्हाय. माझी पेटी अशी चिरकत न्हाय."

स्वतःचा आवाज माणूस हाडांतून ऐकतो हे खरं, पण पेटी काही कुणी हाडांतून ऐकत नाही.

"पेटी कुठे आहे?" मी विचारलं.

"कपाटावर," संघमित्रा म्हणाली. "दर सहा महिन्यांनी अण्णा खाली काढून पुसतात. रेकॉर्डिंगला तीच होती."

"पुढच्या रविवारी घेऊन या."

पुढच्या रविवारी पेटी आली, लाल कापडात गुंडाळलेली. त्याच दिवशी पेडणेकरकाकाही टपकले, त्यांच्या जड यंत्राचं झाकण जरा वाजतं म्हणून. मी म्हटलं, बसा कोपऱ्यात, बोलू नका. न बोलणं त्यांना जमत नाही, पण बसले.

अण्णांनी पेटी सोफ्यापुढच्या चौरंगावर ठेवली, कापडाची घडी केली, भाता उघडला. "मी काळी एकात गायचो," ते म्हणाले. ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रत्येक गायकाचा एक ठरलेला सूर असतो, तिथे त्याचा सा. पेटीवरची पहिली काळी पट्टी हा अण्णांचा सा. बारशापासून बुद्धवंदनेपर्यंत त्यांनी सगळं त्याच पट्टीत गायलेलं.

मी सीडी लावली. गाणं सुरू झालं आणि अण्णांनी काळी एक दाबली.

कानाला अक्षरशः चावलं. सीडीतली पेटी आणि समोरची पेटी भांडत होत्या. सीडीतली चढी होती. अण्णांनी पुढची पट्टी दाबली, पांढरी दोन. तीही जुळेना. आता सीडीतली उतरी वाटत होती. अण्णांचं बोट काळीवरून पांढरीवर, पांढरीवरून काळीवर जात राहिलं. सीडीतला सूर त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत होता, आणि फटीत वाजणारी पेटी जगात कुणी बनवत नाही.

"पेटी जुनी असा," काका कोपऱ्यातून बोललेच. "उतरली असतली."

मी फोनवरचं सूर मोजायचं अॅप काढून समोर धरलं. अण्णांची काळी एक जागच्या जागी होती. मी तिन्ही यंत्रांवर सीडी लावून पाहिली. तिन्हींवर तोच फटीतला सूर.

आणि मग मला दिसलं. रेकॉर्ड आणि टेपच्या काळात यंत्र आलं की आम्ही आधी वेग तपासायचो. पट्टा सैल झाला, मोटर बिघडली की गाणं पळायचं नाहीतर रेंगाळायचं, आणि त्याबरोबर सूरही चढायचा नाहीतर उतरायचा. सीडी आली आणि ती भानगडच संपली. आतलं घड्याळ स्फटिकावर चालतं, सीडी कधी पळत नाही. त्यामुळे आम्ही सगळ्यांनी वेग तपासणं सोडून दिलं. आम्ही यंत्राची तुलना यंत्राशी करत बसलो, आणि यंत्रं तर तिन्ही बरोबरच होती. कॅसेटवरून सीडी करताना त्या दुकानातला टेप जोरात पळत होता. त्यात अण्णा पळाले, पेटी पळाली, ढोलकी पळाली. आकड्यांत एकदा गेलेली चूक तिन्ही यंत्रं इमानेइतबारे वाजवत होती.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. हे तुम्ही नाही."

संघमित्राचा चेहरा पडला. "म्हणजे काहीच होणार नाही?"

"तसं कुठे म्हटलं?" मी गुडघ्यावर बसले आणि सगळ्यात खालच्या फळीवरून तो सरकत्या बटणाचा डबा ओढून बाहेर काढला.

"आवशीचो घो!" काका म्हणाले. "हो तर माझो डबो!"

भाच्याने नंतर मला ऐकवलं की मावशी, हे कॉम्प्युटरवर चुटकीसरशी झालं असतं. झालं असतं रे बाबा. पण तेव्हा खोलीत जे झालं ते कॉम्प्युटरवर झालं नसतं.

मी सीडी त्या डब्यात घातली. पडदा ओढलाच नाही. अण्णांना म्हटलं, "काळी एक दाबून धरा, सोडू नका." त्यांनी डाव्या हाताने भाता धरला, उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर ठेवलं. गाणं सुरू झालं, तोच चावणारा आवाज. मी बटण खाली सरकवायला लागले, केसाकेसाने.

दोन सूर जवळ आले की हवेत एक थरथर ऐकू येते. आधी ती जलद होती, भरभर. बटण खाली आलं तशी ती मंदावली. आणखी खाली. आता ती झोपाळ्याच्या लयीत आली. मी बोटाचं नख बटणाला लावून किंचित, अगदी किंचित ढकललं. थरथर थांबली. खोलीत दोन पेट्या होत्या आणि सूर एकच होता.

आणि त्या सुरावर आवाज आला. तो पोरगा कुठे गेला कळलं नाही. हा एक रुंद छातीचा, भरल्या गळ्याचा बाप्या होता, शब्द घाईने न फेकता एकेक हातात देणारा. 'पाटी घे गं पोरी.' संघमित्राने तोंडावर हात दाबला.

अण्णांनी पट्टीवरचं बोट उचललं. डोळे मिटून अख्खं कडवं ऐकलं. मग डोळे न उघडता छातीवर पंजा ठेवून म्हणाले, "ह्यो मीच."

मी रडले. सांगायला लाज वाटत नाही. इतकी वर्षं यंत्रं विकली, पण एखादा माणूस त्याचा त्याला परत दिला असं पहिल्यांदाच झालं. पेडणेकरकाका चष्मा पुसत होते.

एवढ्यात अण्णांच्या कपाळाला आठी पडली. ते पुढे झुकले आणि स्पीकरकडे बोट रोखून जमेल तेवढ्या मोठ्याने कुजबुजले, "शंकऱ्या! मागं पडतोयस! किती येळा सांगितलं, मागं पडू नगंस!"

"ढोलकीवाले शंकरकाका," संघमित्रा रडता रडता हसली. "त्यांना जाऊन किती वर्षं झाली."

गाणं पळत होतं तोवर ढोलकी कुठे मागे पडते ते ऐकूच येत नव्हतं. आता सगळं जागेवर आलं आणि शंकरकाकांची चोरी पकडली गेली. मग अण्णांनी मला खूण केली, पहिल्यापासून लावा. मी लावलं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या, भाता धरला आणि पेटी वाजवायला लागले.

गळा गेला होता, बोटं नव्हती गेली. पहिल्या ओळीला जरा अडखळली, दुसऱ्या ओळीला पट्ट्यांवरून पळायला लागली. सीडीतला तरणा अण्णा गात होता आणि समोरचा म्हातारा अण्णा त्याला साथ करत होता. तो तान घेई तिथे हा थांबे, तो श्वास घेई तिथे हा सूर भरून काढे. ढोलकी मागे पडली की पेटीचा सूर दाबून तिला ओढून जागेवर आणी. शेवटच्या कडव्याला संघमित्रानेही ध्रुवपद धरलं आणि काका मांडीवर ताल द्यायला लागले. तो अर्थातच चुकत होता, पण अण्णा शंकरकाकांवर रागावले तसे त्यांच्यावर रागावले नाहीत.

त्या बटणावर मी त्याच दिवशी नेलपॉलिशचा ठिपका दिला, ते पुन्हा हलू नये म्हणून. तो डबा आज घाटकोपरला आहे, त्याच्या शेजारी पेटी आहे आणि ती आता कपाटावर नसते. कोणी मला विचारलं की तुमच्या इतक्या वर्षांत सगळ्यात चांगला सीडी प्लेअर कुठला, तर मी बेधडक त्याचं नाव सांगते. गिऱ्हाईकं हसतात. हसू देत.

पण त्या रविवारचं शेवटचं सांगायचं राहिलं. गाणं संपलं, पेटीचा भाता मिटला, आणि पेडणेकरकाका, माझ्याकडचं सगळ्यात जड यंत्र घेतलेले पेडणेकरकाका, कोपऱ्यातून उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "वन्स मोअर!"

गाणं पुन्हा लावायला मी प्लेअरकडे हात नेला. अण्णांनी माझा हात धरला. घामाने त्यांचं कपाळ चमकत होतं. मफलर सैल करत, स्पीकरकडे मानेने खूण करत ते कुजबुजले, "दम खाऊ द्या जरा त्याला."